सात नंबरमागची ओल

१७ नोव्हेंबर

ही वही मैत्रीची आहे. शाळेतल्या काउन्सेलर मॅडमनी तिला दिली, मनात येईल ते लिही म्हणून. वर टोपी घातलेलं मांजर आहे. मैत्रीने ती बरेच दिवस फ्रिजवर ठेवली आणि काल जेवताना माझ्यासमोर सरकवली. म्हणाली, "यू राइट, पप्पा." मी म्हटलं, मला काय लिहायचं आहे? ती "एक्झॅक्टली" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. एक्झॅक्टली म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण कोरी वही वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही.

तर आधी काय ते लिहून टाकतो. माझी बायको, भावना, जूनमध्ये गेली. इथेच बहारीनमध्ये, सीफच्या मॉलमधल्या तिच्या कामाच्या दुकानात दुपारी हिशेब बघत बसली होती, डोकं दुखतंय म्हणाली, आणि संध्याकाळी हॉस्पिटलात संपलं. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ थांबलो. काही झालं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, तसा मी सगळाच आहे. चावलं तरी कळत नाही.

मी गोल्फ क्लबात इरिगेशन टेक्निशियन आहे. पंप, व्हॉल्व्ह, स्प्रिंकलर, हे माझं काम. जुलैत मी दोनदा व्हॉल्व्ह उघडा विसरलो आणि पूर्ण हिरवळीचं तळं केलं. आमचा सुपरिंटेंडंट जुनैद ओरडला नाही, तेच वाईट वाटायला हवं होतं. आता या महिन्यात त्याने मला हलकं काम दिलं आहे. हलकं काम म्हणजे सात नंबरमागचा माळ.

१९ नोव्हेंबर

मैदानाचे अठरा तुकडे आहेत, एकेका भोकाचा एकेक. सातव्याच्या मागे पांढऱ्या चुनखडीचा एक उतार आहे, तिथे कधी गवत लावलं नाही. बहारीनची मूळ जमीन. मी इतकी वर्षं तिच्याकडे 'राहून गेलेली जागा' म्हणूनच बघत आलो. आता क्लबाने ताहेरा नावाच्या इथल्याच वनस्पतीवाल्या मॅडमना आणलं आहे. त्या म्हणतात, आसपास सगळीकडे बंगले झाले, असा माळ आता एवढाच उरला आहे. थंडीत पाऊस झाला की इथे कुसळाचं गवत उगवतं, आपल्याकडच्या कुसळीचंच भावंड, आणि नखाएवढी पिवळी फुलं येतात. काटेरी शेपटीची मोठी पाल बिळात असते. मी अजून पाहिलेली नाही.

कमिटी वसंतात ठरवणार आहे. माळ जिवंत आहे आणि पुरेसा मोठा आहे असं ताहेरा मॅडमनी दाखवलं तर तो तसाच ठेवायचा. नाहीतर सपाट करून, हिरवळ घालून, सराव करणाऱ्यांसाठी मैदान.

माझं काम असं की काही करायचं नाही. पाणी नाही, खत नाही, माती आणायची नाही. मॅडम मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ही जमीन भुकेवर जगते, खायला घातलं की दांडगी झाडं येतात आणि हिला गिळतात. मी मान हलवली. पाणी देऊन पगार घेणाऱ्याला पाणी न देण्याचा पगार. दत्ताराम म्हणाला, सुजीता, तुझा प्रमोशन झाला.

दत्ताराम कणकवलीकडचा, गवत कापायचं मशीन चालवतो. क्लबात मराठी आम्ही दोघंच.

२४ नोव्हेंबर

माळ वाचला पाहिजे, आणि का ते इथे लिहितो. बाहेर कुणाला सांगत नाही.

आमच्यात अस्थी नदीत सोडत नाहीत. झाड लावतात, आणि त्या खड्ड्यात अस्थी घालतात. मेहकरला भावनाच्या भावाने शेताच्या बांधावर पिंपळ लावला. मी एक मूठ डबीत घालून इकडे आणली. तिचं अर्धं आयुष्य इथे गेलं, तिचं काही इथेही असावं असं वाटलं. वाटलं म्हणजे तेव्हा ठरवलं, वाटत तर काही नव्हतं. क्लबाच्या नर्सरीत पिंपळ नव्हता, कडुनिंब होता. ऑगस्टमध्ये तो मी सात नंबरमागे, माळाच्या वरच्या कडेला लावला. कुणी जात नाही अशी ती एकच जागा होती. चुनखडी फोडायला पहार लागली. नर्सरीतली चांगली काळी माती चार पोती आणून घातली, शेणखत घातलं. जुनैदने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. तेव्हा या माळाला कुणी विचारत नव्हतं.

मैत्री त्या दिवशी आली होती. तिने डबी धरली होती. नंतर परत कधी आली नाही.

आता सरावाचं मैदान झालं तर झाड राहणार नाही. माळ राहिला तर कडेला ते उभं राहील, कुणी हात लावणार नाही. म्हणून माळ राहिला पाहिजे.

रोज सकाळी कामावर जाताना मी वीस लिटरचा कॅन भरून नेतो, घरून, गोड्या पाण्याचा. मैदानाला गटाराचं शुद्ध केलेलं पाणी असतं, ते भावनाला घालवत नाही. वाटेत मैत्रीला शाळेत सोडतो. तिच्या बॅगेच्या खिशात निळी बाटली असते, म्हणजे पाण्याचं वगैरे ती स्वतःचं स्वतः बघते. मोठी झाली आहे. माझा तिला काही त्रास नाही आणि तिचा मला नाही.

६ डिसेंबर

सकाळी अभिवादनाला गेलो. झिंजला आमच्याच गल्लीत एकाच्या घरी सगळे जमले. वंदना झाली. बायका मैत्रीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, ती भिंतीसारखी उभी होती. माझ्यावर गेली आहे.

दुपारी सासूबाईंचा, चंपाबाईंचा, फोन. दर सुट्टीला झाड दाखवावं लागतं, व्हिडिओवर. आज नव्हतो तिथे, तर म्हणाल्या, "पाणी घालून राहिले ना बाप्पा? तिले तहान लय लागे." घालतो म्हटलं. एक दिवस चुकवलेला नाही, आजही पहाटे जाऊन घातलं. हे एकच काम माझ्याकडून नीट होतं आहे.

१२ डिसेंबर

ताहेरा मॅडम आज पहिल्यांदा काळजीत दिसल्या. माळाच्या वरच्या भागात हरळीचा पट्टा आला आहे. अजून पाऊस नाही आणि हरळी हिरवीगार. ही मैदानावरची हरळी, एकदा घुसली की निघत नाही, हे मला सांगायला नको. लहानपणी आमच्याकडे हरळी खणायला उन्हाळा पुरत नसे. मॅडमनी गुडघ्यावर बसून माती उकरली. बोटाला ओली लागली.

ओल म्हणजे गळती. गळती म्हणजे माझं काम. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी मॅडमना समजावलं: इथे माती वीतभर आहे, खाली अखंड कातळ. पाणी खाली मुरत नाही, कातळावरून आडवं सरकतं. गळती एका जागी असते आणि ओल भलतीकडेच निघते. तेव्हा वर कुठेतरी शोधायला हवं.

मॅडमनी वर बघितलं. मग म्हणाल्या, हां, वर.

१५ डिसेंबर

सातची मेन लाइन बंद करून प्रेशर लावलं. काटा हलला नाही. सहाची केली. तीही ठीक. उद्या रंग घालून बघतो. आमच्याकडे लाल पावडर असते, पाण्यात टाकली की पाणी जिथे जाईल तिथे लाल. संडासच्या टाक्यांसाठी आणली होती.

२३ डिसेंबर

आठ खड्डे खणून झाले. सगळ्या लाइनींत रंग सोडला, सगळ्या स्प्रिंकलरमधून लाल पाणी उडालं, दोन गोऱ्या खेळाडूंनी तक्रार केली. माळाच्या खड्ड्यांत लाल थेंब नाही. नुसती ओल, स्वच्छ. हरळी रोज बोटभर पुढे.

जुनी लाइन असेल कातळात, नकाशात नसलेली, असं माझं मत आहे. सलमाबादला जाऊन तिथल्या वर्कशॉपमधून पाइप शोधायचं मशीन भाड्याने आणलं. दत्ताराम तिथल्याच कामगारांच्या कॅम्पमध्ये राहतो, त्याच्याकडे चहा घेतला. कॅम्पच्या फाटकाशी लोक बसची वाट बघत उन्हात उभे होते. त्याला म्हटलं, काय म्हणतो, जुनी लाइन असेल ना? तो चहात बघत म्हणाला, असात. मग म्हणाला, "आता पुरे कर, सुजीता. जमनीची चाळण केलंस." गळती सापडल्याशिवाय पुरे कसं करणार? माणूस चांगला आहे, पण त्याला पाण्यातलं कळत नाही.

३ जानेवारी

पाऊस. मैदानावर तळी. आज लाइन तपासायला अर्थ नाही. तरी झाडाला पाणी घालून आलो, सवयीने. पावसात कॅन ओतताना एक म्हातारा खेळाडू छत्रीखालून बघत उभा राहिला.

११ जानेवारी

माळ उगवला. कुसळाचं गवत बारीक केसांसारखं आलं आहे, खालच्या भागात सगळीकडे. वर, हरळीच्या पट्ट्यात, काही नाही. नुसती हरळी.

ताहेरा मॅडम आज झाडापाशी बराच वेळ उभ्या होत्या. हे झाड नवीन आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या बायकोचं आहे. मग सांगितलं, आमच्यात कसं करतात ते. मातीत काय आहे ते. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. मॅडमनी दोन बोटांनी एक पान धरलं आणि सोडलं. 

नंतर बघतो तर त्यांनी माळाच्या हद्दीच्या खुंट्या उपटून खाली सरकवल्या आहेत. झाड आणि हरळीचा पट्टा बाहेर, माळ आत. का, ते कळलं नाही. माळ लहान झाला.

२० जानेवारी

जुनैदने ऑफिसात बोलावलं. नव्या हद्दीने माळ फार लहान पडतो, एवढ्याशा तुकड्यासाठी कमिटी ऐकणार नाही, आणि हरळी त्या हद्दीतही शिरते आहेच. मी म्हटलं, मला अजून थोडे दिवस द्या, गळती काढतो. जुनैदने समोरची फाइल मिटली. मग म्हणाला, "सुजीत भाई, घर पे सब ठीक? बच्ची ठीक?" ठीक म्हटलं.

गळतीचा आणि मैत्रीचा काय संबंध. सगळ्यांना माझ्याशी काहीतरी बोलायचं असतं आणि सगळे दुसरंच बोलतात. जूनपासून हे असंच आहे. मला त्याचा राग येत नाही. काहीच येत नाही.

३१ जानेवारी

ताहेरा मॅडमनी रोपं मोजायला शाळेतल्या मुलांना बोलावलं होतं. मैत्रीच्या शाळेतली पण. मला वाटलं ती येणार नाही. आली. टोपी, हातात दोरीची चौकट. चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत काय काय आहे ते लिहायचं. सकाळभर तिने मान वर केली नाही. मी लांबून बघत होतो. वाकून बसते तेव्हा भावनासारखीच दिसते, हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं, एवढंच.

शेवटी ती वर झाडापाशी गेली. तिथून खाली हरळीच्या कडेकडेने चालत आली. मॅडमशी काही बोलली. मॅडमनी डोकं हलवलं, नाही नाही असं.

गाडीत बोलली. सिग्नल लागला होता. जसंच्या तसं लिहितो.

"पप्पा, गळती नाहीये. तुम्ही रोज पाणी घालता ना मम्मीच्या झाडाला, इट्स दॅट. हरळी तिथूनच स्टार्ट होते. ताहेरा मॅम नोज. दत्ताराम अंकल नोज. एव्हरीवन नोज."

मी म्हटलं, "एका कॅननं काय होते? तुले काय समजते पाण्यातलं?"

ती म्हणाली, "ओके."  मागचा हॉर्न वाजवत होता, सिग्नल कधीच सुटला होता.

१ फेब्रुवारी

एक कॅन रोज, ऑगस्टपासून. कातळ. वीतभर माती. उतार.

कॅनमध्ये लाल पावडर टाकली आणि झाडाला घातली. आळ्यातलं पाणी लाल झालं. थोडा वेळ फेस होता, मग आत गेलं. पावडरीने झाडाला काही होत नाही, डब्यावर तसं लिहिलेलं आहे. मी दोनदा वाचलं.

२ फेब्रुवारी

सगळे आठ खड्डे लाल.

९ फेब्रुवारी

पाणी बंद केलं आहे. सकाळी कॅन भरतो, मग आठवतं, मग सिंकमध्ये ओततो.

दत्तारामला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. तो मशीन बंद करून खाली उतरला. म्हणाला, पहिल्या दिवसापासून, गवत कापणाऱ्याला हरळी कुठून येते ते दिसतंच. मग का नाही बोललास? "तुझ्या बायलेच्या झाडाकडे मी बोट दाखवू? माझी जीब रेटली नाय रे." एवढा मोठा माणूस, डोळे पुसायला लागला.  मलाच त्याला पाणी द्यावं लागलं.

ताहेरा मॅडमनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "आपने बताया किसका है। उसके बाद मैं क्या बोलती, भाई?" पाणी बंद केलं तर झाड राहू शकतं का, असं मी विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. कडुनिंब पाण्याशिवायही जगेल. मग मोठं होईल, सावली करील, पाला पडेल, पाल्याने माती सकस होईल. आणि खड्ड्यातली काळी माती आणि खत आहे तोवर हरळी खात राहील. माळ हवा असेल तर झाड नको. झाड राहणार असेल तर माळ काही वर्षांत जाईल, आणि मग मैदान होईल, आणि मग झाडही.

म्हणजे झाड वाचवायला मी माळ वाचवत होतो, आणि झाडानेच माळ चालला होता. हे मी घरी आल्यावर मैत्रीला सांगितलं. ती गृहपाठ करत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग? मी म्हटलं, काढतो. "तू सोबत येशील काय?"

येईन म्हणाली. मराठीत म्हणाली.

१३ फेब्रुवारी

काढलं.

मी, दत्ताराम, मैत्री. ताहेरा मॅडम लांब उभ्या होत्या, मी बोलावलं तेव्हा आल्या. बुंध्याभोवती पोतं गुंडाळून मैत्रीने धरलं आणि आम्ही दोघांनी चहूबाजूंनी खणलं. मुळं कातळावर पसरली होती, खाली जायला जागाच नव्हती. आणि मुळांत सगळीकडे हरळीचे पांढरे धागे. तेव्हा कळलं की हरळी मैदानावरून आलीच नव्हती. नर्सरीच्या मातीतून मीच आणली होती, चार पोती.

मैत्री तिथेच जमिनीवर बसली आणि मुळांतून हरळी काढायला लागली. एकेक काडी, मेथी निवडतात तशी. दत्ताराम म्हणाला राहू दे बाय, तिने ऐकलं नाही. घाई कुणालाच नव्हती.

झाड निघाल्यावर खड्ड्यात काळी माती उरली. ताहेरा मॅडम हळूच म्हणाल्या, माती राहू दे, भाई. थोडीशी आहे. चालेल.

त्या का म्हणाल्या ते मला कळलं. या वेळी लगेच कळलं. मी म्हटलं, नाही मॅडम, यात हाडांची राख आहे. हाडात फॉस्फरस असतो. आपल्या स्टोअरमध्ये पोत्यावर लिहिलेलं असतं, बोनमील. ते खत आहे, आणि या जमिनीला खत चालत नाही. तुम्हीच सांगितलं होतं.

हे मी भावनाबद्दल बोललो. आवाज माझाच होता. मग फावडं हातातून पडलं आणि ते उचलायला मी वाकलो, तो वर येता येईना. तसाच खड्ड्याच्या कडेला बसलो. किती वेळ ते माहीत नाही. मला वाटतं मी मोठ्याने रडत होतो, कारण सात नंबरवर खेळणारे थांबले होते. मैत्रीने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. ती खड्ड्यात उतरली आणि हाताने माती भरायला लागली, घमेल्यात. सगळी भरली. कातळ पांढरा दिसेपर्यंत भरली. मग मी उठलो आणि घमेलं उचललं.

झाड आणि माती आता सलमाबादला, दत्तारामच्या कॅम्पच्या फाटकाशी आहेत. जिथे लोक बससाठी उन्हात उभे राहतात तिथे. ही दत्तारामची सूचना. कॅम्पच्या बॉसला त्याने आधीच विचारून ठेवलं होतं, कधी ते बोलला नाही. खड्डा लोकांनीच खणला. आंध्रचे, बिहारचे, बंगाली, आपल्याकडचे दोघं-चौघं. कुणाचं झाड म्हणून एकाने विचारलं. मैत्रीने सांगितलं. त्याने पायातली चप्पल काढली आणि मग माती लोटली.

१४ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगायचं होतं. भीती वाटत होती. भीती वाटली हेच नवल. सगळं सांगितलं, हरळीचं, कातळाचं. त्यांना किती कळलं कोण जाणे. मग कॅम्प दाखवला, व्हिडिओवर. फाटक, बस, झाडाशेजारी डबे घेऊन उभे लोक. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून पाहिलं. म्हणाल्या, "तिथं लय एकटी होती माही पोरगी. इथं मानसं तं आहेत."

एक मात्र लिहायला हवं. झाडाची सगळी पानं पिवळी पडली आहेत.

५ मार्च

रोजे चालू आहेत, काम निम्म्यावर आलं. ताहेरा मॅडमनी खुंट्या परत वर नेल्या, पहिल्या जागी. मी आणि मैत्री सुट्टीच्या दिवशी हरळी उपटतो. उपटायची आणि पोत्यात भरून बाहेर न्यायची, तिथे टाकायची नाही, कुजून खत होतं. पाणी नसल्याने ती आता दमली आहे. खाली पिवळी फुलं आली. खरंच नखाएवढी. मैत्रीने पाल बघितली. मला हाक मारेपर्यंत बिळात गेली.

खड्ड्याच्या जागी नुसता पांढरा दगड आहे. तिथे काही उगवलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, वेळ लागेल, आणि किती ते सांगितलं नाही.

७ एप्रिल

ईदनंतर कमिटीची बैठक झाली. माळ राहिला. आधी काही वर्षं ठेवून बघू म्हणाले, पण राहिला. जुनैदने मला पंपाच्या कामावर परत बोलावलं आहे. मी म्हटलं, येतो, पण माळही माझ्याकडेच राहू द्या. त्याने बरं म्हटलं.

ताहेरा मॅडमनी मिठाई आणली होती. दत्तारामने डबा कॅम्पवर नेला.

आज सकाळी गोड्या पाण्याचा कॅन भरला, या वेळी विसरून नाही. मैत्रीला शाळेत सोडून सलमाबादला गेलो. झाडाला शेंड्याजवळ तांबूस पालवी आहे, चार-पाच पानं. आळं बघतो तर चिखल. दत्तारामला विचारलं तर म्हणाला, येणारा-जाणारा प्रत्येक जण बाटलीतलं उरलेलं पाणी ओततो, सांगून ऐकत नाहीत. अशाने मुळं कुजतील. मी पुठ्ठ्यावर हिंदीत लिहून अडकवलं, पानी मत डालो. मग वाटलं, हे लिहिणारा मी कोण. पण अडकवलं.

कॅन तसाच भरलेला गाडीत राहिला. दुपारी मैत्रीला घ्यायला गेलो. ऊन फार होतं. बसल्या बसल्या म्हणाली, पाणी आहे का. मी म्हटलं, मागं कॅन आहे, पण तुझी बाटली असेल ना. तिने बॅगेच्या खिशातून निळी बाटली काढली. रिकामी. मी म्हटलं संपली का. नाही म्हणाली. मग म्हणाली, रिकामीच असते, शाळेत कूलरला पिते.

"मग रोज कशाले नेते?"

ती म्हणाली, "मम्मी भरायची."

बाटलीवर भावनाच्या अक्षरात नावाची चिठ्ठी होती, चिकटपट्टीखाली. जूनपासून रोज सकाळी ही बाटली माझ्या शेजारच्या सीटवर होती. वीस लिटर मागे होतं.

गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडून कॅन तिरका केला आणि बाटली भरली. बरंच सांडलं. मैत्री प्यायली, परत पुढे केली, परत भरली. मग बाटली मांडीवर धरून बसली, झिंज येईपर्यंत.

बाटली आता धुऊन ओट्यावर उलटी ठेवली आहे. उद्यापासून मी भरणार. गार घालायचं की साधं, हे तिला विचारायचं राहिलं. भावनाला माहीत होतं. सकाळी विचारतो.